वजनकाटा

कुडचड्याला, स्टेशनामागे,
खाणीच्या ट्रकांचं वजन करायची जुनी कचेरी आहे.
खाण थांबली, काटा गंजला,
आता तिथे हशाचं संग्रहालय.
पाटी कोकणीत: हांसो.
खाली खडूने: वीस रुपये. हसू न आल्यास पैसे परत.

क्लेमेंत फुर्तादो तिकीट फाडतो.
"परत कुणी मागितले का?"
"एक भटजी येतात मंगळवारी. घेऊन जातात.
पुढच्या मंगळवारी तेच वीस देऊन परत आत."

दोन खोल्या.
दुसऱ्या अंकात हमखास मोडणारी खुर्ची,
चौथ्या पायाला बिजागरी.
तियात्रातल्या पोलिसाचं पोट: कापूस, वर तीन पितळी बटणं.
बरणीत मिशा.
"हात लावा," क्लेमेंत म्हणतो, "चावत नाहीत."
आणि एक कॅसेट, जिच्यात नाटक नाहीच;
रेकॉर्डर कुणीतरी चुकून लोकांकडे तोंड करून ठेवलेला.
माणसं हसतात, थांबतात, खोकतात,
एक मूल रडतं, पुन्हा हसतात,
कशाला, ते आता कुणालाच सांगता यायचं नाही.

मी आले होते वहीसाठी.
माझे बाबा प्रॉम्प्टर.
जात्रेची नाटकं, डावी विंग, स्टूल,
गुडघ्यावर वही, वहीवर टॉर्च.
एकतीस वर्षं गावातला प्रत्येक विनोद
आधी त्यांच्या तोंडातून गेला,
कुजबुजीत, सपाट, औषधाचं नाव सांगावं तसा.
मग तो नटाच्या तोंडी फुटायचा, मांडव हलायचा,
आणि बाबा पुढच्या वाक्यावर बोट ठेवून
लोकांचं आटपायची वाट बघायचे.
घरीही तसेच.
भाताऐवजी पेज का, हेसुद्धा हळू विचारायचे,
दोनदा.

समासात पेन्सिलीच्या खुणा:
हशा. हशा, मोठा. आठ मोजून पुढे.
हशा नाही (वीज गेली होती).
हशा नाही (वीज होती).

क्लेमेंत पान उलटतो. "हें पळय."
तिसरा अंक. तिरक्या अक्षरात:
इथे मला आवरलं नाही. टॉर्च पडली.
दोन वाक्यं गेली. मंडळींची माफी मागितली.
तारीख बघितली. मी सात वर्षांची,
त्या रात्री पहिल्या रांगेच्याही पुढे
चटईवर झोपलेली.

वाक्य वाचलं.
नोकर म्हणतो: मालक, छत्री सापडली, पण ती आपली नाही.
पुन्हा वाचलं. मोठ्याने.
मग बाबांसारखं, कुजबुजीत.
काही नाही. छत्री. आपली नाही.
"धा वर्सां वाचतां," क्लेमेंत म्हणतो,
"मालकाचें नाक लांब आशिल्लें कांय?"

संध्याकाळी काट्याच्या पत्र्यावरच खुर्च्या मांडतात.
मर्यादा चाळीस टन. आम्ही अकरा जण.
सुलक्षा वेळीप, केप्याची, दिवसा पतसंस्थेत,
सांगते: एक म्हातारी अंगठा उठवते
आणि विचारते, "बाये, स्पेलिंग बरोबर आहे ना?"
दोघे हसतात.
पुढचं पडतं. त्याच्या पुढचंही.
ती पाणी पिते, माईक या हातातून त्या हातात घेते,
आणि विसरते.
खरंच विसरते. आमच्याकडे बघते.

चौथ्या खुर्चीतून, कुणी सांगितलं नसताना,
हळू, सपाट आवाजात माझ्या तोंडून गेलं:
"मालक, छत्री सापडली."
वही तिनेही वाचलेली असणार. लगेच उचललं:
"पण ती आपली नाही!"

कुणी हललं नाही.
मग मागून, अगदी काळजीने,
एक धोतरातले गृहस्थ म्हणाले,
"मग कुणाची?"

मला आवरलं नाही.
पर्स पडली, चिल्लर पत्र्यावरून घरंगळत गेली,
सुलक्षा खाली बसली पोट धरून,
क्लेमेंत दाराला टेकला.
किती वेळ, मोजलं नाही.
आठाच्या पुढे नक्की.

निघताना बघते तर
ते गृहस्थ तिकीट-खिडकीशी, हात पुढे करून उभे.
"भटजी, तुम्हीच तर बोललात!"
"बोललो," ते म्हणाले. "हसलो नाही."
क्लेमेंतने वीसची नोट काढून दिली.